बत्तीमामांची दुपारची झोप

घरात दिवा जळताना दिसला की बत्तीमामांचा हात आपोआप बटणाकडे जायचा. दिव्याखाली कोणी बसलं आहे की नाही, हा प्रश्न त्यांच्या लेखी किरकोळ होता. लेक अभ्यास करत असो, बायको सुईत दोरा ओवत असो, मामा आले की खट्! एकदा पाहुणे न्हाणीघरात असताना त्यांनी बाहेरून बत्ती घालवली आणि पाहुणे साबण लावलेल्या अंगाने भिंत चाचपत राहिले. ते पाहुणे पुन्हा काही आले नाहीत. "बरं झालं," मामा म्हणाले, "त्यांना फार उजेड लागायचा."

गंमत म्हणजे ह्याच माणसाला पगार मिळायचा तो दिवा विझू न देण्याचा.

मामा रेशमाच्या बीज केंद्रात नोकरीला होते. बीज म्हणजे रेशीमकिड्यांची अंडी. खसखशीएवढी, कागदावर चिकटलेली, आणि दिसायला अगदी बिनमहत्त्वाची. ह्या केंद्राचा सगळा डोलारा एका झोपेवर उभा होता. उन्हाळ्याच्या तोंडाला मादी पतंग अंडी घालायची, आणि ती अंडी जी ताणून द्यायची ती थेट पुढच्या वसंतात, तुतीला पालवी फुटली की उठायची. मधे ऊन येवो, पाऊस येवो, हूं की चूं नाही. पण ही झोप फुकट मिळत नसे. त्यासाठी त्यांच्या आईची बडदास्त ठेवावी लागायची, तीही आई स्वतः अंड्यात असताना. उबदार खोली हवी आणि डोक्यावर बत्ती हवी. आईने अंड्यात उजेड पाहिला की तिची पोरं गाढ झोपणार. असं का होतं ते मामांना ठाऊक नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. उबवणीच्या खोलीची किल्ली आपल्या गळ्यात आहे आणि बत्ती विझता कामा नये, एवढं त्यांना पुरे होतं.

किल्ली गळ्यात पडण्याआधी मामांनी बरेच उद्योग करून पाहिले होते. बसचे कंडक्टर झाले, तर माणसं चढायच्या आत घंटी मारायचे. बेकरीत लागले, तर मालकाला दिवसाअखेर माल कमी आणि मामा जड दिसू लागले. हात लावाल त्याची माती व्हायची. मग केंद्रात बत्ती राखायचं काम मिळालं. काहीही न करण्याचं काम आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं आणि ते त्यांना इतकं उत्तम जमलं की लोक त्यांचं मूळ नाव विसरले. ती पितळी किल्ली ते आंघोळ करतानाही काढत नसत. तेवढी एकच गोष्ट त्यांनी जन्मात बिघडवली नव्हती.

त्यांच्या खोलीत असायची ती 'म्हातारी'. हे किड्यांच्या एका जातीचं लाडाचं नाव. केंद्राहूनही जुनी जात, सायीच्या रंगाचे कोष करणारी, आणि आता फक्त इथेच उरलेली. मामा रोज सकाळी खोलीत शिरताना "काय म्हातारे, बरी आहेस ना?" असं विचारायचे. नवीन माणसाला वाटायचं, आत त्यांची आई राहते.

त्या वसंतात मामांची लेक तान्ह्या मुलीला घेऊन घरी राहायला आली. जावई बोटीवर नोकरीला, तेव्हा परतीची घाई नव्हती. नात गोड होती, गुबगुबीत होती, आणि झोपत नव्हती. म्हणजे किरकिर करून उशिरा झोपते अशातला भाग नाही. ती झोपतच नव्हती. डोळा लागला असं वाटून कोणी सुस्कारा टाकला की त्या सुस्काऱ्याने उठायची आणि कुकरसारखी एक लांब शिट्टी द्यायची. तिचं नाव शिट्टीच पडलं. खांद्यावर घेऊन झालं, पाय हलवून झालं, मामींनी अंगाई गाऊन पाहिली तेव्हा तर शेजारचे येऊन "काय झालं?" म्हणून विचारून गेले. घरात सगळ्यांच्याच झोपेचं खोबरं झालं. लेक उभ्या उभ्या डुलक्या घ्यायची. मामी चहात मीठ घालायच्या आणि मामा तो पिऊन वर "छान झालाय" म्हणायचे.

अशात एका दुपारी मामा उबवणीच्या खोलीत स्टुलावर बसले होते. खोली उबदार, निवांत. एकच अडचण होती, डोक्यावरची बत्ती थेट डोळ्यात यायची. मामांनी मान इकडे करून पाहिली, तिकडे करून पाहिली. मग मनाशी म्हणाले, एक मिनिटभर. आणि जन्माच्या सवयीने हात गेला. खट्.

काय ती झोप! मामा उठले तेव्हा त्यांना स्वतःचं नाव आठवायला वेळ लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून उशी आणली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की उबेत घाम येतो, म्हणून एसी चांगला गार करून ठेवला. पुढे पुढे तर उठून पुन्हा बत्ती लावायचाही कंटाळा येऊ लागला. केंद्राच्या प्रमुख मॅडमांची फेरी सकाळी असायची, तेवढ्यापुरती बत्ती लागायची आणि खोली उबदार व्हायची. मॅडमांची पाठ वळली की पुन्हा अंधार आणि गारवा, तो थेट दुसऱ्या सकाळपर्यंत. अंडी काही बोलली नाहीत. वेळ झाली तशी त्यांतून अळ्या निघाल्या, पाला खाऊन गलेलठ्ठ झाल्या, त्यांनी सुरेख कोष विणले. मामांना वाटलं, चोरी पचली.

कोषांतून पतंग निघाले, माद्यांनी कागदांवर अंडी घातली. इकडे केंद्राच्या माळ्याने दरवर्षीप्रमाणे तुतीची छाटणी केली. अंडी आता वर्षभर झोपणार, मग पाला हवा कोणाला? हा माळी एकदा कोयता हातात घेतला की थांबत नसे. सबंध बागेत त्याने नुसते खुंट ठेवले, हिरवं म्हणून पान शिल्लक ठेवलं नाही, आणि एका खुंटावर बसून कौतुकाने स्वतःचं काम पाहू लागला.

अशा वेळी मॅडमांनी मामांना बोलावलं. मॅडम वयाने मामांच्या लेकीएवढ्या. त्या रागावल्या की आवाज चढण्याऐवजी उतरायचा. आज तो जवळजवळ ऐकूच येत नव्हता.

"मामा, हे कागद पिवळे का आहेत?"

"नवीन आहेत ना मॅडम."

"चार दिवस झाले. झोपलेलं अंडं आत्तापर्यंत जांभळट काळं पडतं. पिवळं राहिलेलं अंडं जागं असतं. आणखी आठवड्याभरात ह्या सगळ्यांतून अळ्या निघतील."

मामांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. माळी अजून खुंटावर बसला होता.

"मग त्यांना झोपवू या," मामा म्हणाले. "काहीतरी औषध असेलच की."

"झोपलेल्याला उठवायचं औषध आहे, मामा. पातळ आम्लात बुडवली की उठतात. जाग्याला झोपवायचं नाही. अंडं घातलं गेलं की विषय संपला, कारण झोप त्याला आईकडून मिळते. आईच्या घशाखाली बारीकशी गाठ असते. ती कोषात असताना त्या गाठीतून एक हार्मोन सुटतं, तिच्या पोटातल्या अंड्यांत जातं आणि सांगतं, बाबांनो, वाढ थांबवा, पडून राहा. ते मिळालं की अंडं वर्षभर निजतं. ह्यांना मिळालंच नाही."

"आईनं सोडलं का नाही?" मामांनी विचारलं आणि लगेच वाटलं, विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

"कारण ती स्वतः अंड्यात असताना गारठ्यात आणि अंधारात होती. तिला वाटलं, अजून थंडी सरते आहे, दिवस लहान आहेत, सगळा हंगाम पुढे पडलाय. पोरं उठली तरी पोटभर खातील. ऊब आणि उजेड मिळाला असता तर तिनं ओळखलं असतं, की आता पोरांना झोपवलेलं बरं." मॅडमांनी एक पिवळा कागद मामांपुढे सरकवला. "कोणीतरी बत्ती घालवली होती, मामा."

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. मामांच्या मनात त्या क्षणी ठार काळोख होता. उंदरानं वायर कुरतडली असेल, इथपर्यंत त्यांची जीभ आली, पण पुढे सरकेना. डोळ्यासमोर ते पिवळे कागद होते आणि त्यांवर हजारो बिचारे जीव टक्क जागे होते.

"मी झोपलो होतो, मॅडम," ते म्हणाले. "मी झोपलो म्हणून ही जागी राहिली." आणि त्यांना रडूच आलं.

मॅडमांनी हात पुढे केला. मामांनी गळ्यातून किल्ली काढली. इतक्या वर्षांनी ती निघताना कानात अडकली, ती मॅडमांनीच सोडवून दिली.

"म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं लोक म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "मला दोन्हींचं दुःख आहे. हे कागद आता उजेडात ठेवायचे, उबेत ठेवायचे. अळ्या निघाल्या की पाला कुठून आणायचा ते तुम्ही बघायचं. त्या जगल्या, त्यांचे पतंग झाले आणि त्या पतंगांची अंडी काळी पडली, तर किल्ली परत. नाहीतर म्हातारी गेली, आणि तुम्ही घरी झोपा."

"घरी?" मामा कळवळून म्हणाले. "घरी झोप असती तर हे झालंच नसतं!"

घरी गेल्यावर त्यांनी सगळं सांगून टाकलं. लेक शिट्टीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. मामी शांतपणे ऐकत होत्या, आणि मामी शांत असल्या की मामांना धडकी भरायची.

"म्हणजे पोरांची झोप आईकडून येते," मामी म्हणाल्या.

"हो."

लेक फेरी मारता मारता थांबली. "म्हणजे शेवटी माझ्याच डोक्यावर का?"

"थांब गं. आणि आईकडे ती असते की नाही, हे ती स्वतः पोटात असताना उजेड होता की अंधार, त्यावरून ठरतं. असंच ना?"

"मॅडम तसंच म्हणाल्या."

"ही माझ्या पोटात होती," मामी लेकीकडे बोट करून म्हणाल्या, "तेव्हा ह्या घरात बत्ती कोण घालवत होतं?"

शिट्टीसुद्धा ऐकायला थांबली.

"दिवेलागणीला बत्ती बंद! मी सात महिन्यांची गरोदर, अंधारात स्टुलाला अडखळत होते! आणि वर पंखा भरधाव!"

"अगं, पण माणूस आणि किडा यांत काही फरक आहे की नाही?"

"इतकी वर्षं शोधतेय," मामी म्हणाल्या.

लेकीने शिट्टीला मामांच्या हातात दिलं. "बाबा, ही तुमची," म्हणाली, आणि चटईवर आडवी झाली. मामा नातीकडे बघत राहिले. नात मामांकडे बघत राहिली. तिचे डोळे हरभऱ्यासारखे टपोरे होते आणि त्यांत झोपेचा लवलेश नव्हता. आपण अख्खी पिढी दोनदा बिघडवली, एकदा घरात आणि एकदा केंद्रात, असं मामांना वाटून गेलं. बत्तीमामा म्हणवून घ्यायचं आणि दिव्याखाली हा असा अंधार!

दुसऱ्या दिवसापासून मामा पोती घेऊन बाहेर पडले. आयुष्यात प्रथमच ते लोकांच्या घरातल्या दिव्यांकडे न बघता झाडांकडे बघत होते. तुतीचं झाड तसं पुष्कळांच्या आवारात असतं, पण ते कोणी लावलेलं नसतं आणि कोणाच्या लक्षातही नसतं. न्हाव्याच्या दुकानामागे एक निघालं. न्हावी म्हणाला, "घेऊन जा, पण आधी केस कापून घ्या, बघवत नाही." शाळेच्या भिंतीला एक होतं, तिथले मास्तर हसून हसून दमले आणि मग स्वतःच फांदीवर चढले. सगळ्यांत मोठं झाड दंतवैद्याच्या अंगणात होतं. दंतवैद्याला गिऱ्हाईक कमी असावं. तो म्हणाला, पाला हवा तेवढा न्या, फक्त दर खेपेला खुर्चीत बसून जरा आ करत जा. तिसऱ्या खेपेला मामांची एक दाढ गेली. मामांनी पोतं डोक्यावर घेतलं आणि ते गाल धरून चालू लागले.

अळ्या निघाल्या तेव्हा केसाच्या तुकड्याएवढ्या होत्या. त्यांना कोवळा पाला बारीक चिरून लागायचा. मामा एकटे कमी पडू लागले तशा मामी सुरी घेऊन केंद्रात आल्या. "तुमच्यासाठी नाही," त्या म्हणाल्या, "म्हातारीसाठी. बाईमाणसाचं बाईमाणसानं बघायला हवं." मग लेकही आली, आणि शिट्टीला घरी ठेवणार कोणापाशी, म्हणून तिची टोपली आली. माळ्याचं मन त्याला खात होतं, त्याने ती अळ्यांच्या ताटांशेजारच्या टेबलावर ठेवायला जागा करून दिली.

अळ्या वाढल्या. रेशमाची अळी शेवटच्या वयात आली की खाण्याशिवाय दुसरं काही जाणत नाही. हजारो तोंडं एकदम पाल्याला लागली की खोलीभर एक आवाज भरतो, कुरकुर कुरकुर, दूर कुठे पत्र्यावर बारीक सर पडावी तसा. मामी पाला पसरत होत्या, लेक रिकामी ताटं उचलत होती. एकाएकी लेकीचा चेहरा पांढरा पडला.

"आई, शिट्टीचा आवाज येत नाहीये."

सगळे टोपलीकडे धावले. शिट्टी झोपली होती. तोंड उघडं, मुठी सुटलेल्या, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. मामींनी नाकापाशी बोट धरलं, मग गालाला लावलं, मग त्या खाली फरशीवरच बसल्या. कोणी सुस्कारा टाकायचं धाडस करेना. मॅडम दारात आल्या, त्यांनी पाहिलं, चपला काढून हातात घेतल्या आणि चवड्यांवर परत गेल्या.

पाला संपला, आवाज थांबला, आणि शिट्टी टकटक बघू लागली. पाला टाकला, ती पुन्हा झोपली. त्या दिवसापासून दंतवैद्याच्या झाडाला दुप्पट खेपा होऊ लागल्या, आणि त्यातल्या निम्म्या अळ्यांसाठी नव्हत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं. अळ्यांची मात्र चंगळ झाली. अशा खाऊन पिऊन सुखी अळ्या केंद्राने पाहिल्या नव्हत्या. त्यांनी सायीच्या रंगाचे टपोरे कोष विणले आणि त्या आत गडप झाल्या.

आणि आवाज बंद झाला.

घरी पुन्हा शिट्टी सुरू व्हायच्या बेतात होती. मामींनी वर्तमानपत्र चुरगाळून पाहिलं, लेकीने तांदूळ सुपात हलवून पाहिले. शिट्टीला नक्कल चालेना. शेवटी मामांनी चहाबरोबरचा टोस्ट उचलला आणि सहज चावला. कुरुम. शिट्टीच्या पापण्या जड झाल्या. मामांनी आणखी एक चावला. तेव्हापासून पाळण्यापाशी बसून टोस्ट खाणं हे मामांचं काम ठरलं. चहात बुडवायचा नाही, घाईत खायचा नाही, आणि गेलेल्या दाढेच्या बाजूने तर मुळीच खायचा नाही, कारण तिकडून आवाज नीट येत नसे. मामांचा सदरा पोटावर घट्ट होऊ लागला.

मग पतंग बाहेर आले, त्यांनी अंडी घातली. पुन्हा तेच पिवळे कागद. मामा रोज केंद्रात जाऊन त्यांच्यासमोर उभे राहायचे. बघून बघून त्यांना सगळंच पिवळं दिसू लागलं. "काळ्या पडा गं बायांनो," ते पुटपुटायचे. पहिल्या दिवशी पिवळी. दुसऱ्या दिवशी पिवळी. मामांनी मनातल्या मनात म्हातारीची माफी मागून घेतली. किल्ली गेली तर गेली, पण हिचा वंश माझ्या एका डुलकीपायी बुडाला, असं आपल्याला मरेपर्यंत वाटत राहणार, हे त्यांना पक्कं कळून चुकलं.

तिसऱ्या दिवशी अंड्यांवर किंचित तांबूस छटा आली. मामांनी चष्मा पुसला. दुपारपर्यंत कागद विटकरी झाला. संध्याकाळच्या सुमारास तो जांभळट काळा दिसू लागला, जांभळाचा डाग पडावा तसा. मॅडमांनी भिंग घेऊन एकेक कागद पाहिला.

"झोपली," मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता, पण राग नव्हता. "सगळीच्या सगळी, मामा."

त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली आणि स्वतःच्या हाताने मामांच्या गळ्यात घातली. ह्या वेळी कान आड आला नाही. "आणि बाहेरच्या साठवणीच्या खोलीत एक खाट टाकायला सांगितली आहे," त्या म्हणाल्या. "झोप आली की तिथं जाऊन झोपायचं. तिथली बत्ती हवी तेवढी घालवा."

मामा जवळजवळ पळतच घरी निघाले. कधी एकदा सांगतो असं झालं होतं. दार ढकलून ते आत आले आणि तोंड उघडून तसेच उभे राहिले. पाळण्यात शिट्टी झोपली होती. पाळण्याच्या पायथ्याशी लेक झोपली होती. मामी भिंतीला टेकून घोरत होत्या आणि त्यांच्या हातात अर्धा टोस्ट होता. आज मामांना यायला उशीर झाला म्हणून टोस्ट खायचं त्यांचं काम मामींनी केलं होतं. वर बत्ती जळत होती. तिघीही झोपलेल्या, म्हणजे उजेडाचा कोणालाच काही उपयोग नव्हता.

मामांचा हात बटणाकडे गेला. बोट टेकलंसुद्धा.

मग त्यांनी पाळण्यात पाहिलं. ही पोर उद्या मोठी होईल. तिलाही पोरं होतील. तेव्हा आपण नसू, टोस्ट खायला कोणी नसेल. शिट्टी कधीच अंड्यातून बाहेर आलेली आहे, आता बत्तीचा काय उपयोग, असं मॅडम म्हणाल्या असत्या. पण मॅडम तिथे नव्हत्या, आणि मामांना ह्या बाबतीत पुन्हा धोका पत्करायचा नव्हता.

त्यांनी हात मागे घेतला. मामींच्या हातातला अर्धा टोस्ट हळूच सोडवून घेतला आणि बत्तीखाली, पाळण्यापाशी, चांगल्या दाढेच्या बाजूने खायला बसले.